जीव सरकला

दस्तगीर शिकलगारनं आयुष्यात भल्याभल्यांना टोप्या घातल्या होत्या, पण यंत्राला टोपी घालायची संधी त्याला चोपन्नाव्या वर्षी मिळाली. ती त्यानं सोडली नाही, आणि तिथंच घोळ झाला.

मिरजेच्या नादवेल संगीत विद्यालयात तो वाद्यांची निगा राखायचा. तुटलेली तार बदल, ढिली खुंटी घट्ट कर, घोडी घासून जवारी, म्हणजे तारेचा झणकार, काढ. बापजाद्यांनी भोपळे कोरून तानपुरे घडवले, हा त्यांची मलमपट्टी करत होता. तेही काम फारसं उरलं नव्हतं, कारण फेब्रुवारीत विद्यालयात 'सोबती' आला होता.

सोबती म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र आणि मनगटावर बांधायचा एक पट्टा. यंत्राला सगळे डबाच म्हणायचे. डब्यातून तानपुऱ्याचा सूर यायचा, अगदी खऱ्यासारखा. पण हा डबा वाजता वाजता ऐकायचाही. माणूस आतून ताणला गेला की घशातले बारीक स्नायूही ताणले जातात, आणि लावलेल्या सुरातली कंपनं केसाएवढी मागंपुढं व्हायला लागतात. कानाला ते कळत नाही, डब्याला कळायचं. पट्टा घाम मोजायचा आणि काळजाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायचा. गंमत अशी की निवांत माणसाचे ठोके थोडे वेडेवाकडे पडतात, श्वासाबरोबर लांबतात, आखडतात. घाबरलेल्याचे घड्याळासारखे एकसारखे पडतात. म्हणजे ज्याचं काळीज पक्कं तालात, त्याची तब्येत बिघडलेली. हे कळल्यावर तबल्याची पोरं आठवडाभर एकमेकांना विचारत होती, "तुझं कितक्या मात्रांचं?"

डबा सगळी गोळाबेरीज करून एक खूण ठरवायचा. हिरवी, पिवळी नाहीतर तांबडी. ती खूण फक्त वैदेही सोनटक्के यांच्या फोनवर दिसायची. मरणाबिरणाचं बोलणं डब्याच्या कानावर पडलं, तर त्याच फोनवर लगेच सूचना किंचाळायची. पोरांशी बोलणं, पोरांचं ऐकणं, हीच त्यांची नोकरी.

एवढा बंदोबस्त केला तो प्रणीलमुळं. चांगला गाणारा पोरगा होता. सात नंबरच्या रियाजखोलीत एके दुपारी सापडला. वेळेवर सापडला म्हणून वाचला. आता तासगावला बापाबरोबर द्राक्षबाग बघतो, गाणं सोडलं. आदल्याच दिवशी तो दस्तगीरकडं तार बदलायला आला होता, आणि दस्तगीर त्याला म्हणाला होता, "तार बदलून गळा बदलत नसतोय रे बाबा." पोरगा हसलाही होता. दस्तगीरनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सोबती आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा पठ्ठ्या त्याची रेवडी उडवणार. त्यानं सहा महिने उडवली नाही. त्याच्या हिशेबानं ती तपश्चर्याच होती.

ऑगस्टमध्ये ती मोडली.

दुसऱ्या वर्षाची ईश्वरी मगदूम त्याच्या खोलीत बसून तानपुरा लावायला शिकत होती. पोरगी नांद्र्याची. पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेला बसली आणि तिनं तोंडच उघडलं नव्हतं. हात बर्फ, घसा कोरडा, परीक्षक घड्याळ बघतायत. सोबती आल्यापासनं मात्र ती गायला लागली होती, आणि गात होती ती बरं गात होती.

"चाचा, जीव बसंना ओ."

आता हा जीव म्हणजे दोरा. तानपुऱ्याच्या तारेखाली, घोडीवर, सुती दोऱ्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा सरकवतात. नेमक्या जागी बसला की तार झणझणते, बोलते. जरा सरकला की तीच तार लाकडावर ठोकल्यासारखी ठक्क वाजते. त्या दोऱ्याला मिरजेत जीव म्हणतात.

"बसंना तर ओढून काढ बाहेर," दस्तगीर म्हणाला. "तुटला तर तुटू दे. दुसरा घालू."

तेवढ्यात त्याची नजर ईश्वरीच्या डब्यावर गेली. डबा टेबलावर गप बसून ऐकत होता. सहा महिन्यांची तपश्चर्या कुठल्या कुठं गेली. तो डब्यावर वाकला आणि थेट रडका आवाज काढून म्हणाला, "आरं देवा! ईश्वरीचा जीव गेला! माझ्याच हातानं काढला की वो मी!"

"चाचा, गप बसा," ईश्वरी हसत म्हणाली.

चार मिनिटांत वैदेही मॅडम जिना चढून आल्या. एक चप्पल पायात, एक हातात. मागं स्ट्रेचर घेऊन वॉचमन. त्याच्या मागं धोतराचा सोगा धरून रेंदाळकर बुवा, वय वर्षं एकाहत्तर, गाण्याचे गुरू आणि रागाचेही.

"कुठंय?" मॅडम ओरडल्या.

"काय?"

"जीव!"

ईश्वरीनं चिमट्यात धरलेला अर्धा इंच दोरा पुढं केला. "हा काय."

वॉचमन इतका हसला की स्ट्रेचर सोडून दिलं. बुवा म्हणाले, "दस्तग्या, अक्कल कधी येणार तुला?" मॅडमही हसल्या. पण जिन्यावर बसून, पाणी मागून हसल्या. मग फोनवर 'चुकीची सूचना' असं दाबलं, आणि विषय संपला. निदान माणसांपुरता संपला.

दसरा जवळ आला. नादवेलमध्ये खंडेनवमीला सगळी वाद्यं पूजेला बसतात, त्या दिवशी कुणी हात लावत नाही. दसऱ्याच्या सकाळी सभा भरते, आणि वर्षाचा पहिला सा एक विद्यार्थी लावतो, दोन लाकडी तानपुऱ्यांच्या मध्ये बसून. डब्याचा सूर तिथं चालत नाही. यंदा बुवांनी ईश्वरीचं नाव घेतलं. तिनं नांद्र्याला फोन केला, बापानं तिथल्या तिथं गाडी सांगितली, सतरा माणसं येणार होती.

आठ दिवस आधी ती लाकडी तानपुऱ्यावर गाऊन बघायला दस्तगीरकडं आली. त्यानं तानपुरा छेडला. तिनं डोळे मिटून सा लावला. जरासा उतरलेला. मग पुढं काही करायचं सोडून ती तो सा धरून बसली, चेहऱ्यावर मंद हसू, बसस्टॉपवर उभी असल्यासारखी.

दस्तगीरनं छेडणं थांबवलं. "कुणाची वाट बघालीस?"

"वाट कुठं?"

"अगं, सूर तिथं हाय, तू हितं हायस. जा की वर."

तिनं परत लावला. परत तेवढाच उतरलेला. परत थांबली. तानपुरा काही हलला नाही. तिसऱ्या वेळी तिच्या कपाळावर घाम आला. "तुमचा तानपुरा चढलाय," म्हणाली आणि गेली. डबा तसाच टेबलावर विसरून.

दस्तगीर डब्याकडं बघत राहिला. मग उठून त्यानं स्वतःच्या जेवणाच्या डब्यातला ठेचा काढला आणि दोन चमचे नुसता खाल्ला. जिन्याच्या तीन फेऱ्या मारल्या. घाम सुटला, छाती धडधडायला लागली, तेव्हा दुसऱ्या एका पोराच्या, कोपऱ्यात दुरुस्तीला पडलेल्या डब्यासमोर, त्याचाच पट्टा बांधून त्यानं मुद्दाम उतरलेला सा लावला आणि धरून बसला. पाच मिनिटं. जुन्या हार्मोनियमची काळी चारची एक पत्ती तो सूर ताडायला नेहमी खिशात ठेवायचा. ती फुंकून बघितली. डब्याचा सूर हलला होता, पण नावाला. मग त्यानं तोच खेळ ईश्वरीच्या डब्यासमोर केला.

हा डबा खाली आला. हळूहळू, पाय न वाजवता, लाडक्या जावयाला आणायला सासरा वेशीपर्यंत येतो तसा. थेट दस्तगीरच्या बेसूर सा पर्यंत. आणि खोटं कशाला बोला, सूर मिळाल्यावर दस्तगीरलाही लई बरं वाटलं.

तो तडक वैदेही मॅडमकडं गेला.

"हो, सरकतो तो," मॅडम म्हणाल्या. "त्याचं कामच आहे ते. गळा आणि तानपुरा यात थोडा फरक असला की हवेत लाटा उठतात ना, वाँव-वाँव अशा? फरक मिटला की लाटा थांबतात, आणि त्या क्षणी अंग सैल पडतं. मोजून बघितलंय. मग कंपनीनं म्हटलं, घाबरलेल्या पोराला तिथवर पोचता येत नसेल, तर सूर थोडा त्याच्याकडं आणावा. शेजारच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर हिरव्या खुणेला दोन भाग सरकतो, पिवळ्याला सहा, तांबड्याला अठरा. इतक्या हळू, की गाणाऱ्याला वाटावं आपणच पोचलो."

"म्हणजे बैल गोठ्यात येईना, तर गोठाच उचलून बैलाकडं न्यायचा."

"पण त्यामुळंच ती गायला लागली, दस्तगीरभाई. पहिल्या वर्षी आठवतंय ना?"

ते खरंच होतं. दस्तगीरनं मान हलवली. "मग ती आता तांबडी हाय? एवढी बरी दिसती की."

मॅडमनी फोन काढला. बघितला. परत बघितला. "तेरा ऑगस्ट," त्या हळू म्हणाल्या. "मी सूचना चुकीची म्हणून काढली होती. सूचना गेली. खूण गेली नाही. तांबडी खूण एकदा लागली की नव्वद दिवस राहते, खबरदारी म्हणून."

"तेरा ऑगस्टला काय झालतं?"

"माझी एक चप्पल हातात होती," मॅडम म्हणाल्या.

ठेचा एव्हाना उतरला होता, तरी दस्तगीरला घाम आला.

"खूण आत्ता काढते," मॅडम म्हणाल्या. "पण एकदम काढली तर उद्याच तिला कळेल की सूर येईना झालाय. न सांगता काढली तर ती म्हणेल आपला गळा गेला. आणि सांगितलं, तर..."

"प्रणीलसारखं हुईल म्हणताय."

मॅडमनी फोन पालथा ठेवला.

"सांगतो मीच," दस्तगीर म्हणाला. "केलंय मीच."

त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. चावटपणा न करता सांगायचं म्हणजे त्याला सवय नव्हती, मध्येच दोनदा खोकला. दोरा, तांबडी खूण, अठरा भाग, सगळं. ईश्वरीनं ऐकून घेतलं.

"म्हणजे दोन महिने तो माझ्याकडं येत होता."

"व्हय."

"आणि मला वाटालतं, मी जाते त्याच्याकडं."

"तसं न्हवं पोरी, सुरुवातीला तुझं तूच..."

"चाचा, तुम्ही चेष्टा करताना कुणाची करताय ते तरी बघत जावा," ती म्हणाली, आणि पट्टा हातात घेऊन गेली.

पुढचे तीन दिवस ती वर्गावर नव्हती. बुवांना निरोप होता, ताप आलाय. मॅडम दर तासाला फोन बघत होत्या. खूण हिरवीगार. ठोके निवांत, घाम नाही, झोप उत्तम. तिसऱ्या दुपारी त्यांनी दस्तगीरला बोलावून आनंदानं दाखवलं, "बघा, उगाच घाबरलो आपण. काल एकोणीस तास झोपली."

"एकोणीस?"

दस्तगीर कँटीनमध्ये गेला. तिथं खर्ज नावाचा एक बोका असायचा. सतत खालच्या सुरात घरघरायचा, म्हणून पोरांनी नाव ठेवलेलं. खर्ज पावाच्या ट्रेवर पाय वर करून झोपला होता. त्याच्या गळ्यात ईश्वरीचा पट्टा होता.

हा डाव दस्तगीरनंच तबल्याच्या पोरांना शिकवला होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी तो लोळून हसला असता. यंत्र हिरवं होतं आणि तो पळत सुटला होता.

हॉस्टेलवर नव्हती. सभागृहात नव्हती. मग त्याचे पाय आपोआप सात नंबरकडं वळले. प्रणीलनंतर त्या खोलीत कुणी रियाज करत नसे, फुटके भोपळे टाकून ठेवलेले. दार लोटलेलं होतं. त्यानं ढकललं.

ईश्वरी भोपळ्यांच्या मध्ये बसली होती. मांडीवर विद्यालयाचा लाकडी तानपुरा. ती एकच तार छेडत होती. ठक्क. ठक्क. ठक्क.

दस्तगीर दाराला धरून उभा राहिला. त्याला दम लागला होता. शेवटी त्याला एवढंच विचारता आलं, "जीव कुठाय?"

"पडला. तीन दिवस झाले शोधालीय," ती म्हणाली. डोळे सुजलेले होते. "दुसरा मागायला तुमच्याकडं यायचं नव्हतं."

"तीन दिवस असंच वाजवालीस?"

"हितं कोण येत नाही. बेसूर झालं तरी कुणाला कळत नाही. यंत्राला पण नाही."

दस्तगीर खाली बसला. त्यानं सदऱ्याची कड उसवली, एक दोरा ओढला, दातानं तोडला आणि तारेखाली सरकवला. थोडा मागं. थोडा पुढं. तार एकदम झणझणली, खोली भरून गेली, फुटके भोपळेसुद्धा घुमायला लागले.

"लाव," तो म्हणाला.

तिनं सा लावला. उतरलेला. थांबली. सवयच तशी लागली होती.

"हा लाकडाचा हाय गं. ह्याला पाय न्हाईत. तूच जा."

ती गेली नाही. रडली. मग चिडून परत लावला. दस्तगीर छेडत राहिला, मध्येमध्ये खोकल्याचं ढोंग करून डोळे पुसत. चाळिसाव्या खेपेला की काय, हवेतल्या लाटा लांबल्या, आणखी लांबल्या आणि थांबल्या. मोजून दोन सेकंद. मग सूर परत घसरला. पण दोघांनीही ऐकलं होतं.

"रोज हुईल?" तिनं विचारलं.

"न्हाई. माझा बापच म्हणायचा, आठवड्यात दोनदा सापडला तर पेढे वाट." मग तार पुसत तो म्हणाला, "प्रणीलचीबी मी चेष्टाच केली हुती. आदल्या दिवशी." हे त्यानं पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. ईश्वरीनं काही समजूत घातली नाही. तिनं तानपुरा त्याच्याकडं सरकवला आणि म्हणाली, "छेडा."

दसऱ्याची सकाळ. झेंडूच्या माळा सगळ्यांना, सारंगीला, पखवाजाला, आणि रांगेत मांडलेल्या डब्यांनाही. डब्यांना हार घालताना बुवा पुटपुटले, "हाही आपलाच, काय करणार." नांद्र्याची सतरा माणसं तिसऱ्या रांगेत. मॅडम पहिल्या रांगेत. ईश्वरी मध्ये, एका बाजूला तिची मैत्रीण तानपुऱ्यावर, दुसऱ्या बाजूला दस्तगीर. मनगटावर पट्टा होता. खर्जाच्या गळ्यातून सोडवून तिनं स्वतःच बांधला होता.

तानपुरे सुरू झाले. तिनं तोंड उघडलं आणि सा उतरला. तिला कळलं. दस्तगीरला कळलं. बुवांची भुवई वर गेली म्हणजे त्यांनाही कळलं. तिचे हात पांढरे पडायला लागले. दस्तगीरच्या बोटाशी तारेतला मणी होता. तो जरा वर ओढला की तार थोडी उतरते. अठरा भाग म्हणजे किती, त्याच्या बोटांना माहीत होतं. बुवा सोडले तर सभागृहात कुणालाही पत्ता लागला नसता. बोट मण्यावर गेलं, आणि तिथं नुसतं राहिलं.

ईश्वरी गायची थांबली. वळून, अख्ख्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाली, "चाचा, जीव सरकलाय का बघा जरा."

जीव जागेवर होता. ते तिलाही माहीत होतं. दस्तगीरनं तिच्याकडं बघितलं. उभ्या आयुष्यात त्याला कुणी इतक्या सरळ तोंडानं टोपी दिली नव्हती, तीही दुसऱ्यांना घालायला.

"सरकलाय की!" तो म्हणाला. "थांब, बघतो. जीव जायला टैम लागत न्हाई." आणि घोडीवर वाकून, कशालाही न शिवता, तो अर्धा मिनिट खाटखूट करत राहिला. दुसरा तानपुरा वाजत होता. ईश्वरी डोळे मिटून ऐकत होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेत मॅडमचा फोन किंचाळला. तांबडी सूचना. हार घातलेल्या डब्यांनी एकजात ऐकलं होतं. मॅडम अर्ध्या उठल्या, स्टेजकडं बघितलं, ईश्वरीच्या तोंडाकडं बघितलं, आणि फोन बंद करून खाली बसल्या.

"बसला जीव," दस्तगीर म्हणाला.

ईश्वरीनं सा लावला. खालून वर गेला, जरा ओढत, जरा थरथरत, आणि पोचला. तिसऱ्या रांगेतला तिचा बाप शेजाऱ्याला म्हणाला, "मला काय कळत न्हाई बघ, पण हे झालं न्हवं?" शेजारी म्हणाला, "झालं, झालं. गप बस."

दुसऱ्या दिवशी डब्याचा अहवाल आला. 'तीव्र ताण, एकवीस मिनिटं. विश्रांतीची शिफारस.' ईश्वरीनं तो वाचला, पेढा तोंडात टाकला आणि मॅडमना म्हणाली, "पट्टा राहू द्या. त्याचं सरकणं तेवढं बंद करा. लागलं तर मी सांगीन."

मग मॅडम दस्तगीरच्या खोलीत आल्या. कंपनीचा फोन होता. ते म्हणत होते, असले धंद्यातले शब्द आम्हाला कळवा, डब्याला सांगून टाकू की इथं 'जीव' ऐकलं की सोडून द्यायचं. मॅडमनी वही काढली. "सांगा दस्तगीरभाई, अजून कुठले शब्द?"

दस्तगीर घोडी घासत होता.

"नका सांगू त्यास्नी," तो म्हणाला.

"अहो, दर वेळी सूचना येणार. नव्वद दिवसांची खूण त्यांनी काढलीय, पण सूचना तर येणारच."

"येऊ द्या. माझ्या दोऱ्यासाठी शंभरदा पळत या. एकशे एकाव्याला दोरा नसला तर?"

मॅडमनी वही मिटली. "आणि शंभर वेळा मी एक चप्पल हातात घेऊन जिना चढू?"

"या की. चहा ठेवीन."

पुढच्या मंगळवारी पहिल्या वर्षाची एक नवी पोरगी तानपुरा घेऊन त्याच्या दारात आली. रडवेली होऊन म्हणाली, "काका, जीव निघून आला ओ ह्याचा."

दस्तगीरनं आधी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग तानपुऱ्याकडं. मग गॅस पेटवून तीन कप पाणी ठेवलं, आणि जिन्यावर चपलेचा आवाज येतोय का, ते ऐकत बसला.